कृष्णधवल इंकजेट छायाचित्रमुद्रण

कृष्णधवल इंकजेट छायाचित्रमुद्रण म्हणजे शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर टाकणाऱ्या इंकजेट प्रिंटरच्या साहाय्याने कृष्णधवल छायाचित्राची प्रत काढण्याची पद्धत होय. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या सर्व करड्या छटा शाईच्या रूपाने प्रिंटरमध्ये भरलेल्या नसतात. कोणत्या शाईचा थेंब कोठे व किती दाट पडावा हे सॉफ्टवेअर ठरवते आणि त्या ठिपक्यांतून डोळ्याला करड्या छटेचा आभास होतो. म्हणून प्रतीचा दर्जा प्रिंटरइतकाच सॉफ्टवेअरच्या नियंत्रणावरही अवलंबून असतो. हे नियंत्रण मुख्यतः तीन गोष्टींचे असते: ठिपक्यांची मांडणी, करड्या रंगाची तटस्थता आणि छटांचा क्रम.

या पद्धतीचा उपयोग कलाप्रदर्शनांतील प्रती, संग्रहालयांतील व अभिलेखागारांतील छायाचित्रांच्या प्रतिकृती आणि कुटुंबांकडील जुन्या छायाचित्रांच्या नव्या प्रती काढण्यासाठी होतो. मूळ निगेटिव्ह नष्ट झालेले असताना उरलेल्या एकमेव छायाचित्रावरून काढलेली प्रत हीच पुढील पिढ्यांसाठी मूळ चित्र ठरते. त्यामुळे तिची अचूकता व टिकाऊपणा यांना विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात छायाचित्रणाचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून झाला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत भारतीय छायाचित्रकार होते. विसाव्या शतकात गावोगावी स्टुडिओ निघाले आणि चांदीच्या क्षारांचा लेप असलेल्या कागदावर कृष्णधवल प्रती निघू लागल्या. उदकमंडलम येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची, १९६० साली स्थापना झाल्यानंतर बाजारात आलेली, ‘इंदू’ नावाची कृष्णधवल उत्पादने भारतीय छायाचित्रकारांच्या परिचयाची होती.

डार्करूममध्ये प्रतीवर नियंत्रण ठेवण्याची साधने वेगळी होती. प्रकाश किती सेकंद द्यावा, कागद मऊ प्रतीचा घ्यावा की कडक प्रतीचा, चित्राचा कोणता भाग हाताने झाकून उजळ ठेवावा, हे सर्व छायाचित्रकाराच्या हाती असे. निगेटिव्ह तेच असूनही दोन कारागिरांच्या प्रती भिन्न दिसत. इंकजेट पद्धतीत हेच निर्णय सॉफ्टवेअरकडे आले. वापरणाऱ्याने ते जाणीवपूर्वक घेतले नाहीत, तर ते प्रिंटरच्या कारखान्यात आधीच ठरवलेल्या नियमांनुसार घेतले जातात.

ठिपक्यांतून छटा निर्माण करण्याची कल्पना मात्र संगणकापूर्वीची आहे. पुस्तके व नियतकालिके यांत छायाचित्रे छापण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हाफटोन ठसे वापरले जात. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाचे निर्माते दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ठसे तयार करण्याच्या व मुद्रणाच्या व्यवसायात होते. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली पाहिल्यास गडद भागात मोठे व उजळ भागात लहान ठिपके दिसतात. हेच हाफटोनचे तत्त्व आहे.

इंकजेट यंत्राचा कलात्मक छायाचित्रांसाठी वापर १९९०च्या सुमारास सुरू झाला. संगीतकार व छायाचित्रकार ग्रॅहम नॅश यांनी, छपाईपूर्वीचे नमुने काढण्यासाठी बनवलेल्या आयरिस या प्रिंटरवर आपल्या कृष्णधवल छायाचित्रांच्या मोठ्या प्रती काढल्या आणि १९९१ साली कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स ही मुद्रणसंस्था सुरू केली. त्यांचा तो पहिला आयरिस प्रिंटर आता अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

ठिपक्यांची मांडणी

इंकजेट प्रिंटरच्या मुद्रणशीर्षात केसापेक्षा बारीक छिद्रांच्या रांगा असतात. काही यंत्रांत विद्युत्दाबाने आकुंचन पावणाऱ्या स्फटिकामुळे, तर काहींत शाई क्षणभर तापवून निर्माण केलेल्या बुडबुड्यामुळे थेंब बाहेर फेकला जातो. एका थेंबाचे आकारमान काही पिकोलिटर असते. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लक्ष कोटीवा भाग. कागदावरील एखाद्या बिंदूवर थेंब पडतो किंवा पडत नाही. बहुतेक यंत्रांत थेंबांचे दोन-तीन आकार उपलब्ध असतात, परंतु ‘अर्धा काळा’ असा थेंब नसतो.

म्हणून चित्रातील करडी छटा ठिपक्यांच्या दाटीत रूपांतरित करावी लागते. एक सोपी रीत म्हणजे चौकटींची जाळी. १६ × १६ चौकटींची एक जाळी घेतली, तर तीत २५६ जागा होतात. एकही जागा न भरल्यास पांढरा, सर्व भरल्यास काळा आणि निम्म्या भरल्यास मधली छटा दिसते. एका इंचात १,४४० ठिपके टाकणाऱ्या प्रिंटरवर अशा ९० जाळ्या एका इंचात बसतात. मात्र ठरावीक जाळीमुळे चित्रावर नक्षीसारखी रचना दिसू शकते.

हा दोष टाळण्यासाठी एरर डिफ्यूजन ही रीत वापरली जाते. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेली तिची पद्धत विशेष प्रसिद्ध आहे. एखाद्या बिंदूची छटा ४० टक्के काळी असेल आणि तेथे ठिपका टाकला नाही, तर ४० टक्क्यांची त्रुटी उरते. ही त्रुटी शेजारच्या अद्याप न तपासलेल्या बिंदूंमध्ये वाटून दिली जाते. त्यामुळे एका ठिकाणी राहिलेली उणीव शेजारी भरून निघते, एकूण छटा योग्य राहते आणि ठिपके विखुरलेले दिसतात. हाफटोन ठशात ठिपक्यांचे अंतर सारखे व आकार वेगवेगळा असतो. येथे याउलट आकार जवळजवळ सारखा व अंतर वेगवेगळे असते.

केवळ एक काळी शाई वापरल्यास उजळ भागांत, उदाहरणार्थ गालावर किंवा आकाशात, काळे ठिपके विरळ होऊन कणीसारखे दिसतात. यावर उपाय म्हणून एकाच काळ्या रंगाच्या फिकट शाया वापरात आल्या. उजळ भागात काळ्या शाईचे विरळ ठिपके टाकण्याऐवजी फिकट करड्या शाईचे दाट ठिपके टाकले की ते डोळ्याला वेगळे जाणवत नाहीत.

तटस्थ करड्याचा प्रश्न

रंगीत छपाईत आकाशी, किरमिजी व पिवळ्या शाईच्या मिश्रणानेही करडा रंग तयार करता येतो. सामान्य प्रिंटर कृष्णधवल चित्र छापतानाही अनेकदा हेच करतात. या मिश्रणाचा तोल नाजूक असतो. एका शाईचे प्रमाण किंचित वाढले तरी चित्रावर हिरवट, गुलाबी किंवा जांभळट झाक येते. रंगीत चित्रात एवढी झाक लपून जाते. कृष्णधवल चित्रात ती लगेच लक्षात येते, कारण तुलनेसाठी दुसरा रंगच नसतो.

दुसरी अडचण प्रकाशाची आहे. दिवसाच्या उजेडात तटस्थ दिसणारी रंगमिश्रित करडी छटा विजेच्या दिव्याखाली हिरवट किंवा तांबूस दिसू शकते. रंगीत शाया प्रकाशातील निरनिराळे भाग निवडून शोषतात. त्यामुळे प्रकाश बदलला की त्यांचा परस्पर तोल बदलतो. काळी व करडी शाई सर्व भाग जवळजवळ सारख्या प्रमाणात शोषत असल्याने तिच्यावर हा परिणाम कमी होतो. तिसरी अडचण काळाची आहे. तीन रंगांच्या शाया सारख्या वेगाने फिक्या होत नाहीत. म्हणून आज तटस्थ असलेले चित्र काही वर्षांनी एका रंगाकडे झुकते.

या कारणांमुळे सॉफ्टवेअरने रंगीत शायांचा वापर कमीत कमी ठेवून करडेपणाचा मुख्य भार काळ्या-करड्या शायांवर टाकावा, हे कृष्णधवल मुद्रणाचे मूलतत्त्व मानले जाते. केवळ काजळीपासून बनवलेली शाई कागदावर किंचित तपकिरी दिसते. ती झाक घालवण्यापुरता रंगीत शाईचा अंश मिसळला जातो.

छटाक्रम व रेषीकरण

मोजमापाखेरीज छटांचा क्रम नीट ठेवता येत नाही. सॉफ्टवेअर पुढील टप्प्यांनी ते साधते.

शाईची मर्यादा: प्रत्येक कागद ठरावीक शाईच शोषू शकतो. त्याहून अधिक शाई टाकल्यास काळा अधिक गडद होत नाही. उलट शाई पसरते, साचते आणि सावलीतील बारकावे बुजतात. म्हणून प्रत्येक कागदासाठी शाईची कमाल मर्यादा ठरवली जाते.

शायांची वाटणी: अनेक करड्या शाया असल्यास सर्वांत फिकट शाई कोठे संपावी आणि तिच्याहून गडद शाई कोठे सुरू व्हावी, हे ठरवावे लागते. हा बदल सावकाश, एकमेकांत मिसळत झाला नाही, तर चित्रात पट्टे दिसतात.

रेषीकरण: संगणकातील समान अंतराच्या छटा कागदावरही समान अंतराने दिसाव्यात, यासाठी केलेली दुरुस्ती म्हणजे रेषीकरण. शाईचा ठिपका कागदावर पसरत असल्यामुळे दुरुस्ती न करता काढलेली प्रत सहसा अपेक्षेपेक्षा गडद येते. रेषीकरणासाठी ० ते १०० टक्क्यांपर्यंत पाच-पाच टक्क्यांनी वाढणाऱ्या २१ छटांची पट्टी छापतात, ती वाळू देतात आणि प्रत्येक छटेचा उजळपणा वर्णपटमापकाने मोजतात. उजळपणासाठी ० (काळा) ते १०० (पांढरा) अशी प्रमाणित मापनश्रेणी वापरली जाते.

एक उदाहरण घेता येईल. समजा, कोऱ्या कागदाचा उजळपणा ९६ व सर्वांत गडद काळ्याचा १६ आहे. मधले ८० अंक २० पायऱ्यांत वाटले, तर प्रत्येक पायरीला ४ अंक येतात. म्हणजे ५० टक्क्यांच्या छटेचा उजळपणा ५६ असायला हवा. प्रत्यक्षात तो ४८ भरला आणि ५६ हा उजळपणा ४० टक्क्यांच्या पायरीवर आढळला, तर सॉफ्टवेअरला असे सांगितले जाते की, ५० टक्के छटा हवी असेल तेथे आधी ४० टक्क्यांसाठी टाकत होतास तेवढीच शाई टाक. सर्व पायऱ्यांसाठी अशी दुरुस्ती करून एक वक्ररेषा तयार होते. ती त्या प्रिंटरपुरती, त्या शाईपुरती व त्या कागदापुरतीच खरी असते. कागद बदलला की मोजमाप पुन्हा करावे लागते.

एका बिंदूसाठी ८ बिट वापरणाऱ्या चित्रात २५६ छटा असतात, तर १६ बिटांत ६५,५३६. वक्ररेषेने छटा ताणल्या गेल्यावर ८ बिटांच्या चित्रात छटा तुटून पट्टे दिसण्याचा संभव असतो. म्हणून दुरुस्तीचे काम १६ बिटांत करणे श्रेयस्कर समजले जाते.

प्रमुख सॉफ्टवेअर व प्रणाली

प्रिंटरसोबत मिळणारे चालक सॉफ्टवेअर: सर्वांत सोपा मार्ग हाच असतो. एपसन कंपनीने २००५च्या सुमारास एकाच काळ्याच्या तीन तीव्रतांच्या शाया असलेले प्रिंटर आणि त्यांच्यासाठी ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट नावाची सोय आणली. तीत काळ्या-करड्या शायांवर भर असतो. तटस्थ, थंड, उबदार किंवा सेपिया असा एकूण भाव निवडता येतो. कॅननच्या २०११ सालच्या पिक्स्मा प्रो-१ या प्रिंटरमध्ये १२ पैकी पाच शाया काळ्या-करड्या होत्या. या सोयी वापरण्यास सोप्या असल्या, तरी शायांची वाटणी आतून कशी होते ते वापरणाऱ्याला बदलता येत नाही.

क्वाडटोन रिप: रॉय हॅरिंग्टन यांनी तयार केलेले हे अल्प किमतीचे सॉफ्टवेअर मुख्यतः एपसनच्या प्रिंटरांसाठी आहे. ते कंपनीच्या चालक सॉफ्टवेअरला बाजूला ठेवून प्रत्येक शाईवर स्वतंत्र नियंत्रण देते. शाईची मर्यादा, वाटणी व रेषीकरण ही तिन्ही कामे वापरणारा स्वतः करू शकतो. उबदार व थंड अशा दोन वक्ररेषांचे हव्या त्या प्रमाणात मिश्रणही करता येते.

पिझोग्राफी: अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील मुद्रक जॉन कोन यांनी विकसित केलेल्या या प्रणालीत प्रिंटरमधील रंगीत शाया काढून त्यांच्या जागी काळ्याच्या अनेक तीव्रता भरल्या जातात. छटा अत्यंत सलग येतात. मात्र असा प्रिंटर रंगीत कामासाठी वापरता येत नाही.

गुटेनप्रिंट: हे मुक्त स्रोत चालक सॉफ्टवेअर लिनक्स व तत्सम संगणकप्रणालींवर चालते आणि पूर्वी गिंप-प्रिंट या नावाने ओळखले जाई. त्यात ठिपक्यांच्या मांडणीच्या विविध रीती व शाईची घनता निवडता येते.

शाई, कागद व टिकाऊपणा

इंकजेट शाईचे दोन मुख्य प्रकार आहेत. रंजकाच्या शाईत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, तर रंगद्रव्याच्या शाईत रंगाचे घन सूक्ष्मकण द्रवात तरंगत असतात. रंजक उजेड, ओलावा व हवेतील ओझोन यांनी तुलनेने लवकर बिघडतो. रंगद्रव्य अधिक टिकते. काळ्या रंगद्रव्याचा मुख्य घटक कार्बन म्हणजे काजळी आहे. मराठी वाचकाला हा पदार्थ नवा नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्यांची शाई काजळी व डिंक यांपासून तयार केली जाई आणि शतके लोटूनही तिची अक्षरे काळी राहिलेली आहेत. ‘शाई’ हा शब्दही काळेपणा या अर्थाच्या फारसी शब्दावरून आला आहे.

कागदानुसार काळ्याची गडदता बदलते. ती परावर्तन घनतेत मोजतात. खरखरीत मॅट कागदावर १.६च्या आसपास घनता मिळते, म्हणजे काळा भाग पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २.५ टक्के परत पाठवतो. चकचकीत कागदावर घनता २.३पर्यंत जाऊ शकते. तेव्हा हे प्रमाण सुमारे ०.५ टक्के असते. यासाठी अनेक प्रिंटरांत मॅट व चकचकीत कागदांकरिता दोन वेगळ्या काळ्या शाया असतात. सॉफ्टवेअरमध्ये कागदाचा प्रकार चुकीचा निवडल्यास चुकीची काळी शाई वापरली जाऊन चित्र राखाडी व निस्तेज दिसते.

पेण, रोहा व कोकणच्या संदर्भात

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ही तालुक्यांची गावे समुद्रापासून जवळ आहेत. तेथील पावसाळा दीर्घ व हवा दमट असते. छायाचित्रांच्या दृष्टीने हे हवामान प्रतिकूल आहे. चांदीच्या क्षारांच्या जुन्या प्रतींवर बुरशीचे डाग पडतात, जिलेटिनचा थर फ्रेमच्या काचेला चिकटतो आणि कडा पिवळसर होतात. रंजकाच्या शाईने काढलेल्या नव्या प्रतींतही ओलाव्याने शाई पसरून बारकावे मंद होतात. ओलावा शोषलेला कागद वाकतो व शाई वेगळ्या प्रकारे ग्रहण करतो. त्यामुळे उन्हाळ्यात केलेले रेषीकरण पावसाळ्यात तंतोतंत जुळेलच असे नाही.

भारतातील लहान स्टुडिओंमध्ये शाईच्या टाक्या असलेले सहा रंगांचे प्रिंटर प्रचलित आहेत. एपसन एल८०५ हा त्यांतील परिचित नमुना. त्यात काळी, आकाशी, किरमिजी, पिवळी, फिकट आकाशी व फिकट किरमिजी अशा रंजकाच्या शाया असतात. करडी शाई नसते. आजोबा-आजींच्या जुन्या कृष्णधवल छायाचित्राची प्रत अशा प्रिंटरवर रंगीत चित्राप्रमाणे छापल्यास ती हिरवट किंवा जांभळट येण्याचा संभव असतो, आणि ओटीवर हार घालून लावलेल्या त्या प्रतीची झाक वर्षागणिक वाढत जाते. चालक सॉफ्टवेअरमधील करड्या छपाईचा पर्याय निवडणे, कागदाचा प्रकार अचूक सांगणे आणि रंगव्यवस्थापन चित्रसंपादन सॉफ्टवेअर व चालक सॉफ्टवेअर या दोहोंपैकी एकाच ठिकाणी चालू ठेवणे, एवढ्यानेही या दोषाचा बराच भाग कमी होतो. दोन्हीकडे ते चालू राहिल्यास एकाच चित्रावर दोनदा दुरुस्ती होते.

रोह्याजवळील धाटाव येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे. रंगद्रव्ये बनवणाऱ्या पुण्याच्या सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचे कारखाने रोहा व महाड येथे आहेत. रंगद्रव्यांचा उपयोग छपाईची शाई, रंगलेप, प्लास्टिक अशा अनेक वस्तूंत होतो. त्यामुळे रंजक व रंगद्रव्य यांतील भेद या परिसरातील विद्यार्थ्यांना जवळच्या उद्योगावरूनही समजून घेता येतो.

जुन्या छायाचित्राची प्रत काढण्याची पद्धत

प्रथम मूळ छायाचित्र फ्रेममधून काळजीपूर्वक काढून, काचेला चिकटले असल्यास बळाने न सोडवता, १६ बिटांत व रंगीत पद्धतीने स्कॅन करतात. रंगीत स्कॅनमुळे पिवळे डाग एका रंगवाहिनीत ठळक, तर दुसरीत फिके दिसतात. ज्या वाहिनीत डाग सर्वांत फिका असेल तिच्यावरून कृष्णधवल चित्र तयार केल्यास डाग आपोआप कमी होतो. पिवळा डाग निळ्या वाहिनीत गडद व तांबड्या वाहिनीत फिका असतो. गिंप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये २०१८ सालच्या २.१० आवृत्तीपासून १६ बिटांत संपादन करता येते. त्यानंतर ओरखडे दुरुस्त करून छटाक्रम जुळवतात, छोटी नमुना प्रत काढतात, ती किमान एक दिवस वाळू देतात आणि दिवसाच्या उजेडात मूळ चित्राशेजारी ठेवून तपासतात. अंतिम प्रत फ्रेममध्ये बसवताना काच व प्रत यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवल्यास प्रत काचेला चिकटत नाही. मूळ छायाचित्र नवी प्रत निघाल्यानंतरही जपून ठेवणे आवश्यक असते, कारण पुढे अधिक चांगल्या साधनांनी त्यावरून पुन्हा प्रत काढता येते.

मर्यादा व अन्य उपयोग

सॉफ्टवेअर कितीही अचूक असले तरी मूळ चित्रात नसलेला तपशील ते परत आणू शकत नाही. चकचकीत कागदावर रंगद्रव्याची शाई काही कोनांतून तांब्यासारखी चमकते. तुंबलेल्या छिद्रामुळे पडणाऱ्या पांढऱ्या रेषा सॉफ्टवेअरने पूर्णपणे झाकता येत नाहीत. वर्णपटमापक महाग असल्याने रेषीकरण अनेकांच्या आवाक्याबाहेर राहते. अशा वेळी छापील पट्टी साध्या स्कॅनरवर तपासून ढोबळ दुरुस्ती करता येते.

छटांवरील याच नियंत्रणाचा आणखी एक उपयोग डिजिटल निगेटिव्ह तयार करण्यासाठी होतो. पारदर्शक पत्र्यावर इंकजेट प्रिंटरने निगेटिव्ह छापून त्याखाली सायनोटाइप किंवा प्लॅटिनम यांसारख्या जुन्या पद्धतीचा संवेदनशील कागद ठेवतात व सूर्यप्रकाश अथवा अतिनील प्रकाश देतात. येथे मोजमाप प्लास्टिकच्या पत्र्याचे न करता अंतिम कागदी प्रतीचे करून वक्ररेषा ठरवली जाते. डार्करूमच्या काळातील कारागिरी व संगणकातील गणित यांचा असा मेळ या पद्धतीत पडतो.